पुढच्या चाकांतून आवाज येतोय? आधी ऐका, मग पाना उचला

मिक्सरचा आवाज जरासा बदलला की बाहेरच्या खोलीत बसलेल्या गृहिणीलाही तो कळतो. भांडे नीट बसले नाही, की आतले ब्लेड सैल झाले, हेसुद्धा ती न बघता सांगते. कुकरच्या शिट्टीवरून आत पाणी कमी आहे हे ओळखणारी माणसे घरोघरी आहेत. गाडीत बसल्यावर मात्र हेच कान झोपी जातात. पुढून काहीतरी वाजते आहे असे वाटले की गाण्याचा आवाज थोडा वाढवला जातो. तो आवाज गाण्यालाही पुरून उरला की गाडी गॅरेजमध्ये नेतात आणि चावी देताना एवढेच सांगतात, "पुढून वाजतंय, जरा बघा."

एवढ्या माहितीवर मेकॅनिक तरी काय करणार? त्याला जे सहज बदलता येते ते तो बदलतो. आवाज तसाच राहिला तर मग दुसरे काही बदलतो. बिल वाढत जाते आणि मूळ दुखणे चाकाच्या आत शांतपणे वाढत राहते.

साध्या मोटारीच्या बाबतीत हे एकवेळ चालून जाते. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या बाबतीत ते महागात पडते, कारण त्या गाडीच्या पुढच्या भागात वाजण्यासारख्या वस्तू जवळजवळ दुप्पट असतात. आपल्याकडे चारही चाकांना ताकद देणारी गाडी म्हणजे जीप, असे समीकरण गेली कित्येक दशके आहे. आता त्या घराण्यात डबल केबिनचे, मागे सामानाचा हौदा असलेले पिकअपही आले. डोंगरातले बागायतदार, धरणाच्या आणि रस्त्याच्या कामावरचे कंत्राटदार, चहामळ्यांचे व्यवस्थापक ही त्यांची जुनी गिऱ्हाइके. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली टोयोटाची हायलक्स भारतात आली, तेव्हापासून शहरातली हौशी कुटुंबेही या गाड्या घेऊ लागली. गाडी रुबाबदार असते यात शंका नाही, पण तिच्या पुढच्या चाकांच्या मधे काय काय दडलेले आहे, हे घेताना कोणी विचारत नाही.

पुढे नेमके असते काय?

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते. तिथून एक शाफ्ट मागे जातो आणि एक पुढे. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलला फिरवतो. डिफरन्शियलमधून डावीकडे आणि उजवीकडे एकेक हाफ शाफ्ट निघून चाकापर्यंत पोहोचतो. पुढची चाके वळतात आणि खड्ड्यात वरखालीही होतात, म्हणून या हाफ शाफ्टला सरळ दांडा चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना लवचिक सांधा लागतो. आजच्या बहुतेक गाड्यांत बाहेरच्या बाजूला गोळ्यांचा सी.व्ही. जॉइंट असतो. आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२६ साली शोधलेली ही रचना. सहा पोलादी गोळ्या, त्यांच्यासाठी कोरलेल्या खाचा, काळे ग्रीस, आणि हे सगळे झाकणारा रबराचा घडीदार बूट. तो बूट आहे तोवर सांधा वर्षानुवर्षे टिकतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि सांध्याचे आयुष्य काही महिन्यांवर येते.

बऱ्याच गाड्यांत, विशेषतः जुन्या, चाकाच्या मध्यभागी हब असतो. तो हाताने फिरवून 'लॉक' किंवा 'फ्री' करता येतो. काही गाड्यांत हेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर आपोआप होते. हब फ्री असला की चाक नुसते फिरते, आतला हाफ शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट स्वस्थ बसतात. हब लॉक ठेवला, तर गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्ये असली तरी चाकेच या सगळ्यांना उलटे ओढत फिरवत राहतात. आवाजाचा शोध घेताना ही एक गोष्ट सोन्याच्या किमतीची ठरते. कशी, ते पाचगणीजवळच्या एका दांपत्याच्या उदाहरणावरून पाहू.

हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान

या दांपत्याची स्ट्रॉबेरीची शेती. जुना, हाताने फिरवायच्या हबचा फोर-व्हील पिकअप त्यांनी दुसऱ्याच्या हातचा घेतला होता. हंगामात पहाटे पेट्या भरायच्या आणि पसरणीचा घाट उतरून वाईला माल पोहोचवायचा, हा रोजचा क्रम. घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि केबिनमध्ये बऱ्याचदा शाळेला जाणारा मुलगाही. दिवाळीच्या सुमाराला गाडीच्या पुढून आवाज येऊ लागला.

पहिल्या गॅरेजने सांगितले, टायर खराब आहेत. व्हील अलाइनमेंट झाले, दोन टायर नवे आले. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला, मग पुन्हा सुरू झाला. दुसऱ्याने पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. तिसऱ्याने पाच मिनिटे गाडी फिरवली आणि डिफरन्शियल उघडावे लागेल असे जाहीर केले. खर्चाचा आकडा ऐकून नवऱ्याचे म्हणणे पडले, की हंगाम संपेपर्यंत असेच चालवू. पत्नीला ते पटेना. वाद झाला. घाटातल्या वळणावर चाक अडकले तर काय, हा तिचा प्रश्न होता आणि त्याला नवऱ्याकडे उत्तर नव्हते.

तिने एक साधी गोष्ट केली. पेट्यांच्या हिशेबाची वही गाडीतच असायची. तिच्या शेवटच्या पानावर ती आवाजाच्या नोंदी करू लागली. नवरा गाडी चालवणार आणि ती लिहिणार. वेग किती, रस्ता सरळ की वळणाचा, वळण डावे की उजवे, ब्रेक दाबलेला की सोडलेला, गाडी भरलेली की रिकामी. चार दिवसांत पान भरले, आणि तीन गॅरेजांना न कळलेली एक गोष्ट त्या पानावर उघड दिसली. आवाज एक नव्हताच, दोन होते.

एक होता घुमणारा, दूरवरच्या पिठाच्या गिरणीसारखा. तो ताशी ४० किलोमीटरनंतर सुरू व्हायचा, वेगाबरोबर चढायचा, आणि गाडी उजवीकडे वळली की जास्त भारी व्हायचा. दुसरा होता कट्-कट्-कट्. तो फक्त वेग कमी असताना आणि स्टिअरिंग पुष्कळ वळवलेले असतानाच ऐकू यायचा, म्हणजे घाटातल्या वळणांवर आणि अंगणात गाडी फिरवताना. प्रत्येक गॅरेजवाल्याने यातला एकेकच ऐकला होता, तोही अर्धवट.

ही वही घेऊन ती दोघे वाईतल्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रींनी पान दोनदा वाचले. मग चाकाकडे बोट दाखवून विचारले, "वहिनी, हे हब लॉक का आहेत?"

"पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चिखल होता, तेव्हा केले होते," नवऱ्याने सांगितले. "मग तसेच राहिले."

मिस्त्रींनी दोन्ही हब फ्री केले आणि त्यांनाच म्हणाले, "आता त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारून या. उघडायचं काय ते मग ठरवू."

चक्कर मारून आल्यावर कट्-कट् पूर्ण बंद होती. गिरणी मात्र चालूच होती.

या एका चकरीने निम्मे काम झाले. हब फ्री केल्यावर जो आवाज थांबतो, तो हाफ शाफ्ट, त्याचे सांधे, पुढचे डिफरन्शियल किंवा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट यांच्यापैकी कोणाचा तरी असतो. जो थांबत नाही तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे टायर, बेअरिंग किंवा ब्रेक यांचा. मिस्त्री गाडीखाली वाकले तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले होते. बूट घडीवर फाटला होता. कट्-कट् तिथली. गाडी तीन महिने डांबरी रस्त्यावर हब लॉक ठेवून चालली, त्यामुळे फाटक्या बुटातला तो सांधा विनाकारण फिरत आणि माती खात राहिला.

गिरणीचा पत्ता वहीतच होता. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचे वजन डाव्या चाकांवर जाते. उजव्या वळणावर घुमणे वाढत असेल तर बहुतेक वेळा डाव्या चाकाचे बेअरिंग दोषी असते. डावा हब उघडल्यावर आतले ग्रीस दुधाळ झालेले निघाले. पाणी गेले होते. ओढा ओलांडताना असे होते. चालून तापलेला हब एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि सील झिजलेले असेल तर ती पाणी आत ओढून घेते. त्या पाण्याने रोलरवर गंजाचे खड्डे पडले होते. नव्या टायरांनी आवाज थोडा कमी का वाटला, याचेही उत्तर मिळाले. जुने टायर लहरीसारखे झिजलेले होते आणि त्यांचाही एक वेगळा घुमारा होताच. पहिला गॅरेजवाला अगदीच चुकला होता असे म्हणता येत नाही.

डिफरन्शियल उघडावे लागले नाही.

घरी करता येतील अशा चाचण्या

सगळ्यांनाच वाईचे मिस्त्री भेटतील असे नाही. पण काही गोष्टी कोणालाही पाहता येतात.

आवाजाची लय मोजा. पिकअपच्या टायरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर धरला तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सव्वा फेरा घेते. प्रॉपेलर शाफ्ट मात्र डिफरन्शियलच्या दातांच्या प्रमाणामुळे चाकाच्या जवळजवळ चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला पाच फेरे. त्यामुळे सावकाश चालताना आवाज 'एक... दोन... तीन' असा मोजता येत असेल तर तो चाकाजवळचा. चिमणीच्या चिवचिवाटासारखा भराभर येत असेल तर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा संशय घ्यावा. सुकलेला क्रॉस असाच चिकचिकतो. ग्रीस भरायचे निपल असेल तर ग्रीस गनचे चार दाब पुरतात. गाडी सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त करताना खाडकन ठोका येऊ लागला असेल तर मात्र ग्रीसची वेळ गेलेली असते.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेग आल्यावर क्षणभर गिअर न्यूट्रल करून पाहा. इंजिन संथ झाले तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिन बंद मात्र कधीही करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. घाटात तर ही चाचणी करूच नये.

टायरचा संशय असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा. आवाजही मागे गेला तर प्रश्न मिटला. जाड खाचांच्या, चिखलासाठी बनवलेल्या टायरांना डांबरी रस्त्यावर आवाज असतोच, तो त्यांचा स्वभाव आहे. आणि टायर नुकतेच काढून बसवले असतील तर सर्वांत आधी चाकाचे नट पाहावेत. नट सैल राहिल्यामुळे आलेला ठकठकाट घेऊन लोक बेअरिंग बदलायला जातात. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत, पण हे करणारे किती?

चाक उचलून तपासायचे असेल तर जमीन सपाट हवी, उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळ्यांची ओट हवी, आणि गाडी जॅकवर न सोडता स्टँडवर ठेवायला हवी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकेही घालू नये. फोर-व्हील-ड्राइव्हच्या गाडीचे एक जास्तीचे पथ्य आहे. एकच चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकू नये. जमिनीवरची चाके ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

उचललेले चाक घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे धरून आत-बाहेर हलवावे. खटखट जाणवली तर घरातल्या दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खटखट नाहीशी झाली तर प्ले बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर बॉल जॉइंटमध्ये, किंवा जुन्या अखंड एक्सलच्या गाडीत किंग पिनमध्ये. मग चाक नऊ आणि तीनवर धरावे. फक्त तिथेच हलत असेल तर टाय रॉडचे टोक झिजलेले असते. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते.

खड्ड्यातला ठोका आणि डांबरावरचा हिसका

खड्ड्यात चाक गेल्यावर एकच ठोका येत असेल तर स्टॅबिलायझरची लिंक, कंट्रोल आर्मचे रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची वरची बैठक, बॉल जॉइंट अशी यादी तपासावी लागते. त्याआधी सीटमागचा जॅक आणि टॉमी घट्ट बांधलेले आहेत ना, हे पाहावे. ब्रेकच्या पत्र्यात खडा अडकला तर करवतीसारखा भयंकर आवाज येतो आणि खडा निघाला की थांबतो. पुढचे लोखंडी गार्ड आणि टपावरचे कॅरिअर वेगात शिट्टी वाजवते, ती वाऱ्याची. गार्डची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगायचे, की विनापरवाना बसवलेल्या अशा गार्डवर कारवाई करा असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. शिट्टीवर तो कायमचा उपाय आहे.

काही आवाज बिघाडाचे नसतात, चालवण्याच्या सवयीचे असतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. ज्या गाड्यांत फोर-व्हील-ड्राइव्ह लिव्हरने किंवा बटणाने गरजेपुरताच लावायचा असतो, त्यांतल्या बहुतेकांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे हा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. चिखलात, वाळूत चाके थोडी घसरून तडजोड करतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. मग सगळा ताण शाफ्टांत पीळ बसावा तसा साठतो, गाडी हिसके देते, पुढून कुरकुर आणि ठोके येतात आणि लिव्हर अडकून बसते. सरळ काही फूट रिव्हर्स घेतली की पीळ सुटतो. अशा गाडीचा पुढचा भाग 'खराब' म्हणून उघडला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

हाताच्या हबमध्ये आणखी एक गंमत होते. एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहतो. अशा वेळी फोर-व्हीलचा गिअर टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत, डिफरन्शियलमधले छोटे दात मात्र उगाच गरगरत राहतात. पंक्चर काढणाऱ्याने उत्सुकतेपोटी हब फिरवलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो.

कोणत्या आवाजाला गाडी जागीच थांबवावी? ब्रेक दाबल्यावर लोखंड लोखंडाला घासते आहे असे वाटले तर. ठोक्याबरोबर स्टिअरिंग सैल पडले किंवा गाडी आपोआप एका बाजूला जाऊ लागली तर. घुमणारे चाक हाताला चटका देण्याइतके तापले तर. बॉल जॉइंट निखळला की चाक आडवे पडते आणि चालकाच्या हातात काही उरत नाही. अशा गाडीला ओढून न नेता उचलून न्यावे, पैसे गेले तरी चालतील. याउलट सी.व्ही. जॉइंटची कट्-कट् वाटेत सुरू झाली तर घाबरायचे कारण नाही. हब असतील तर दोन्ही फ्री करून, टू-व्हील-ड्राइव्हमध्ये सावकाश घरी येता येते. ज्या नव्या गाड्यांत हब नसतात त्यांचे हाफ शाफ्ट सतत फिरत असतात. त्यांना ही सवलत नाही. त्यांनी वळणे अलगद घ्यावीत आणि पहिल्या गॅरेजशी थांबावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर मेकॅनिकला भागाचे नाव सांगू नये. "बेअरिंग बदला" म्हटले की तो बेअरिंग बदलतो आणि आवाज राहिला तर जबाबदारी मालकाची. आवाज कधी येतो तेवढेच सांगावे आणि त्याला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवावा. बेअरिंग बदलताना आतला भाग आणि बाहेरची कडी ही जोडी एकत्र बदलली का, सील नवे घातले का, हे विचारावे. जुने भाग परत मागून घ्यावेत. सी.व्ही. जॉइंटमध्ये त्याच्यासाठीचे काळे ग्रीस लागते, बेअरिंगचे पिवळे ग्रीस तिथे चालत नाही. हबचा नट फार आवळला तर बेअरिंग तापते आणि सैल राहिला तर चाक डुलते. म्हणून काही शे किलोमीटर चालल्यावर चाक पुन्हा एकदा उचलून, बारा आणि सहावर धरून हलवून पाहावे. या तपासणीचे वेगळे पैसे चांगला मिस्त्री घेत नाही.